दिवाळे, कायदा आणि वकील

१/ गोंदिया जिल्ह्यातील सौंदडच्या एखाद्या कर्जबाजारी माणसाला आज दिवाळखोरीचा अर्ज करायचा झाल्यास १९२० चा प्रांतिक नादारी कायदा उघडावा लागतो. २०१६ च्या संहितेत तो रद्द करण्याची तरतूद आहे. पण सामान्य व्यक्तींसाठी तो भाग अद्याप लागू झालेला नाही.

२/ ५०० रुपयांचे कर्ज असले की जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, धनकोंत वाटली जाते आणि अखेरीस ऋणकोला मुक्ततेचा आदेश मागता येतो. पण गरिबाची बाजू मांडणार कोण?

३/ हा प्रश्न जुना आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या उठावातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा जन्मला.

४/ त्याने शेतकऱ्याला ५० रुपयांच्या कर्जावरही नादारीचा मार्ग खुला केला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी होणारा तुरुंगवास बंद केला.

५/ त्याहून महत्त्वाचे कलम ६९. सावकाराने वकील दिला आणि शेतकऱ्याची ऐपत नसली, तर न्यायाधीश सरकारी वकिलाला शेतकऱ्याच्या बाजूने उभे करू शके. वकिलाविना हक्क कागदावरच राहतो, याची ही कबुली होती.

६/ मात्र तो कायदा दख्खनपुरता होता. सौंदड तेव्हा मध्य प्रांतात. आज १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यामुळे महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो. सुप्याच्या राखेतून उठलेल्या प्रश्नाला सौंदडपर्यंत पोहोचणारे उत्तर मिळायला शतकाहून अधिक काळ लागला.