दारूची लंका आणि आपल्या कॉलनीचं मैदान

महादजी शिंद्यांनी सवाई माधवराव पेशव्यांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन करून सांगितलं, अशी एक नोंद ‘पेशव्यांची बखर’मध्ये आहे. चार दिवस लाखो दिवे लागतात, आणि राजा राजधानीबाहेर ‘दारूची लंका’ उभी करतो. रावण, राक्षस, मारुती, सगळे दारूकामाचे. ते ऐकून पेशव्यांनाही तसा तमाशा पाहायची इच्छा झाली. महादजींनी दारूकाम करणारे कारागीर बोलावले, त्यांना पंधरा-वीस दिवसांची मुदत दिली, आणि एका अंधाऱ्या रात्री पर्वतीवर सरदार-मानकऱ्यांसह पेशव्यांनी ती लंका पाहिली. लोकांची गर्दी टेकडीच्या पायथ्याशी. परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या शोभेच्या दारूच्या इतिहासावर १९५३ साली जी पुस्तिका काढली, तिच्यात हा उतारा घेतला आहे.

महादजी १७९२ च्या जूनमध्ये पुण्यात आले आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वारले. तेव्हा प्रसंग त्या दरम्यानचा असावा. बखर म्हटली की वर्णनात थोडं मीठ-मसाला आलाच. पण मला त्यातली व्यवस्था महत्त्वाची वाटते. जागा कोट्याला राजधानीबाहेरची, पुण्यात पेठांपासून लांब पर्वतीची. काम करणारे जाणकार. बाकीच्यांनी नुसतं बघायचं.

ही व्यवस्था मोडली ती फटाका दुकानात पुड्यात मिळू लागल्यावर. सरकारने १८८४ साली स्फोटकांचा कायदा केला. पुढे विसाव्या शतकात शिवकाशीचे कारखाने उभे राहिले आणि शोभेची दारू घरोघर पोचली. कारागिराच्या हातातली वात आठ वर्षांच्या पोराच्या हातात आली, आणि लंका जिन्याखाली, पार्किंगमध्ये.

आमच्या इंदूरला याची किंमत माहीत आहे. राणीपुऱ्यात २०१७ च्या एप्रिलमध्ये फटाक्यांच्या दुकानांना आग लागली, माणसं गेली. दिवाळी तेव्हा कितीतरी लांब होती. दाट वस्तीत दारूचा साठा असला की सणाची वाट बघावी लागत नाही.

मात्र नुसतं मैदान असूनही भागत नाही. इंदूर जिल्ह्यातच गौतमपुऱ्याला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध होतं. वाळलेलं हिंगणबेटाचं फळ पोखरून त्यात दारू भरतात, बांबूची काडी लावतात आणि तुर्रा व कलंगी हे दोन संघ ते एकमेकांवर सोडतात. जागा मोकळी, पण नेम माणसावर. म्हणून लोक भाजतात. जागेबरोबर अंतर आणि दिशाही सांभाळावी लागते.

आता कायदा बघा. स्फोटक नियम २००८ प्रमाणे सणापुरती लागणारी फटाक्यांची दुकानं एकमेकांपासून निदान ३ मीटर लांब हवीत, समोरासमोर नकोत, आणि दुकानांपासून ५० मीटरच्या आत आतषबाजी करायची नाही. फटाक्याच्या आवाजाची मर्यादा ४ मीटरवर १२५ डेसिबल. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ ला दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली, लडी आणि ऑनलाइन विक्री बंद केली, आणि ठरवून दिलेल्या जागी सर्वांनी मिळून आतषबाजी करण्याची शक्यता राज्यांनी तपासावी असंही सांगितलं. स्थानिक प्रशासनाचा त्या-त्या वर्षीचा आदेश वेगळा असू शकतो, तो आधी वाचावा.

कॉलनीत लोक म्हणतात, “मैदानात जायचं म्हणजे आपली परंपराच बुडाली.” मला उलट वाटतं. सामायिक मैदान हीच जुनी रीत. दारात पणत्या लावाव्यात, दारूकाम वस्तीबाहेर.

म्हणून करायचं एवढंच. परवानाधारक दुकानातून घ्यावं, घरात साठा करू नये. मैदानावर एक रेघ आखावी, तिच्यापलीकडे दोन-तीन मोठ्या माणसांनीच जावं. सुती कपडे, लांब उदबत्ती, पाण्याच्या दोन बादल्या, वाळू. बाण सरळ वर, तारा आणि गॅलऱ्यांपासून लांब. विझलेला फटाका वाकून बघू नये: वात आत धुमसत असते. थोडं थांबून, लांबूनच पाणी ओतावं.

पेशवे टेकडीवरून बघत होते, त्यात त्यांचा मान कुठे कमी झाला? आपणही रेघेअलीकडे उभं राहून बघू शकतो.