जुने ओरॅकल, नवा जँगो

बँका, विमा कंपन्या आणि मोठे कारखाने यांचे वर्षानुवर्षांचे व्यवहार ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये साठवलेले असतात. त्यावरील पडदे जुनाट झाले तरी मूळ दप्तर सहसा हलवता येत नाही. कारण रात्रीचे हिशेब, अहवाल आणि इतर अनेक प्रोग्राम त्याच टेबलांवर विसंबून असतात. अशा दप्तराला नवे संकेतस्थळ जोडायचे असेल तर वेब फ्रेमवर्कला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. पायथॉन भाषेतील जँगो हे याचे चांगले उदाहरण आहे.

जँगोचा जन्म, योगायोगाने, एका वृत्तपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकासाठी एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनी त्याची बांधणी केली आणि २००५ साली ते सर्वांसाठी खुले झाले. प्रोग्रामरने ‘मॉडेल’ लिहावे व त्यावरून जँगोने टेबले उभारावीत, ही त्याची मूळ रीत. जुन्या डेटाबेसबाबत ही दिशा उलटी होते. टेबले आधीपासूनच असतात, मॉडेल त्यांवर बेतावे लागते.

‘इन्स्पेक्टडीबी’ ही आज्ञा टेबलांची रचना वाचून मॉडेलचा कच्चा खर्डा लिहून देते. तो कच्चाच समजावा. ओरॅकलमध्ये १२.१ आवृत्तीपर्यंत नावांना ३० बाइटची मर्यादा होती. त्यामुळे टेबलांची नावे इतकी आखडलेली असतात, की त्यांचा अर्थ एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्यालाच ठाऊक असावा! ‘डीबी_टेबल’ व ‘डीबी_कॉलम’ या सोयींमुळे मूळ टेबलाला हात न लावता मॉडेलमध्ये सुबोध नावे देता येतात.

या खर्ड्यात प्रत्येक मॉडेलखाली ‘मॅनेज्ड = फॉल्स’ अशी ओळ असते. ती असली की जँगो ते टेबल निर्माण करत नाही, बदलत नाही आणि काढूनही टाकत नाही. मात्र या ओळीला कुलूप समजण्याची चूक सर्रास होते. टेबलातील नोंदी घालणे, बदलणे वा पुसणे तिने थांबत नाही. खरे कुलूप ओरॅकलमध्येच लावावे लागते: जँगोसाठी वेगळा वापरकर्ता काढावा आणि त्याला प्रारंभी केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा.

हा आग्रह कशासाठी, ते संयुक्त प्राथमिक कीवरून कळते. समजा, बँकेच्या टेबलात खाते क्रमांक व नोंद क्रमांक या दोहोंनी मिळून ओळ ओळखली जाते. जँगोला दीर्घकाळ एकाच रकान्याची की समजत असे; त्यामुळे खर्ड्यात अनेकदा पहिलाच रकाना, म्हणजे खाते क्रमांक, की ठरतो. मग एक नोंद पुसण्याची आज्ञा दिली, की ‘हा खाते क्रमांक असलेल्या ओळी पुसा’ असा आदेश ओरॅकलकडे जातो आणि त्या खात्याच्या साऱ्याच नोंदी नाहीशा होऊ शकतात. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीत संयुक्त कीची सोय झाली. पण त्या आवृत्तीत अशा मॉडेलकडे नेहमीची फॉरिन की नेता येत नाही व तयार अॅडमिन विभागातही ते चालत नाही. केवळ दाखवायचेच असेल तर ओरॅकलमध्ये एक व्ह्यू तयार करून त्यावर मॉडेल बेतणे अधिक सोपे.

आणखी एक खोच रिकाम्या मजकुराची. ओरॅकल रिकामी अक्षरमाला आणि ‘नल’ यांत भेद करत नाही. म्हणून ‘पत्ता नाही’ आणि ‘पत्ता ठाऊक नाही’ हा फरक जपायचा असल्यास त्यासाठी स्वतंत्र रकानाच हवा.

जँगोची स्वतःची, म्हणजे वापरकर्ते व सत्रे यांची टेबले निराळ्या डेटाबेसमध्ये ठेवणे इष्ट. कोणते मॉडेल कुठे जाईल हे ‘राउटर’ ठरवतो. मात्र दोन डेटाबेसांमधील टेबलांत जँगो नाते जोडू देत नाही. तेथे क्रमांक साठवून शोध स्वतः घ्यावा लागतो. हे सारे करण्यापूर्वी ओरॅकलची आवृत्ती पाहून घ्यावी. जँगो ५.२ ला किमान १९सी लागते.