गप्प गायतोंडे आणि गप्पिष्ट आपण

उस्मानाबादला (आता धाराशिव) माझ्या शाळेच्या वाटेवर एक पेंटरकाका राहायचे. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एकटे असायचे, कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. मग काय, त्यांच्या वतीने गावानेच बोलायला घेतलं! कुणी म्हणे बायको सोडून गेली, कुणी म्हणे तुळजापूरला एका साधूने मंत्र दिला. मीही भर टाकली होती: काका रात्री भिंतीशी बोलतात. आठवड्याभराने एका पोराने मलाच ते 'शपथ, डोळ्यांनी पाहिलं' म्हणून सांगितलं.

परवा शनिवारी चित्रकार वासुदेव गायतोंडेंबद्दल वाचत बसलो आणि काका आठवले. प्रकार तोच, फक्त गाव मोठं.

गायतोंडे मूळ गोव्याकडचे, जन्म नागपूरचा, १९२४चा. जे. जे.मधून १९४८ला डिप्लोमा. सत्तरच्या दशकात दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमध्ये बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले. लग्न केलं नाही. २००१मध्ये गेले. एवढ्यावरून लोकांनी काय काय उभं केलं! जगाला विटलेला संन्यासी, अपघातात संपलेला कलावंत, लहर लागली तरच ब्रश धरणारा विक्षिप्त माणूस...

एकेक तपासू. (डिबगिंगची सवय, दुसरं काय!)

आधी संन्यासी. मुंबईत असताना हा माणूस भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करायचा. तिथे हुसेन, अल्काझी, रविशंकर अशी मंडळी वावरायची. १९५७ला टोकियोत पारितोषिक मिळालं, १९६४ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ला पद्मश्री. पाश्चात्त्य संगीताचे शौकीन. हो, झेन वाचायचे, मुंबईत निसर्गदत्त महाराजांकडे जायचे. पण तेवढ्याने कुणी संन्यासी होत नाही. आणि सुनील काळदातेंना त्यांनी १९९५मध्ये स्वतःवर माहितीपटही करू दिला. दार बंद नव्हतं. फुकट गप्पांना वेळ नव्हता, इतकंच.

मग अपघात. १९८४ला रिक्षाचा अपघात झाला, मानेला इजा झाली. मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले, हे खरं. पण त्या काळात कागदावर शाईची छोटी रेखाटनं चालू होती आणि पुढे ते तैलरंगांकडे परतलेही. २०१५ला ख्रिस्तीजच्या मुंबईतल्या लिलावात २९.३ कोटींना विकलं गेलेलं त्यांचं चित्र १९९५चं आहे. अपघाताने 'संपलेल्या' माणसाचं!

राहिला विक्षिप्तपणा. चित्रं कमी होती, कारण पद्धतच वेळ खाणारी. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर द्यायचे, फाडलेल्या कागदाचे तुकडे वापरून रंग ठेवायचा किंवा उचलायचा, पुन्हा थर. आणि मध्ये कितीतरी काळ नुसतं बघत बसायचं. बाहेरून दिसतं, माणूस रिकामा बसलाय. आमच्या ऑफिसात कुणी स्क्रीनकडे नुसतं बघत बसला तर मॅनेजर विचारतो, 'ब्लॉक आहेस का?' अरे बाबा, तो विचार करतोय!

मला वाटतं, दंतकथा आपल्या सोयीच्या असतात. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, बहुतेकांना नावही नाही. 'अमूर्त' म्हटलेलंही त्यांना पटायचं नाही. अशा चित्रासमोर उभं राहायला धीर लागतो. मी मुंबईत एकासमोर उभा राहिलो तर दोन मिनिटांत हात मोबाइलकडे गेला. त्यापेक्षा चित्रकाराची गोष्ट सोपी. दुःखी होता, साधू होता, कोटीत विकला गेला... संपलं. बघायचं काम उरतच नाही.

असो. गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा एका जुन्या दुकानाचा फ्लेक्स उतरवत होते. खाली पेंटरकाकांची पाटी निघाली. अक्षरांना निळी सावली, वेलांट्या एकसारख्या, एकही ओघळ नाही. शाळेची दहा वर्षं मी त्या पाटीखालून गेलो होतो. काकांबद्दल मला सगळं 'माहीत' होतं, पाटी मात्र पहिल्यांदाच वाचली. काका आता नाहीत.

भिंतीशी बोलायची ती गोष्ट गावात अजून सांगतात.