भांगार आणि भंगार

प्राचीन मराठींत भांगार म्हणजे सोनें. गोमंतकांत तो अर्थ अद्याप जिवंत आहे. तेथील गृहिणी सराफाकडे जाते ती भांगार घ्यावयासच. कानडींतलें बंगार आणि तेलुगूंतलें बंगारम् हींही याच कुळांतलीं. संस्कृतांत भृंगार म्हणजे सोन्याची झारी. त्या झारीवरून धातूस नांव पडलें असें व्युत्पत्तिकार मानतात. देशावर मात्र भांगार लोपलें, आणि आज आपल्या तोंडीं उरला आहे तो त्याहून एका कान्यानें उणा असलेला शब्द, भंगार. हा सोन्याच्या घराण्यांतला नव्हे. 'भंग' या शब्दाशीं त्याचें नातें दिसतें. मोडलेलें, फुटलेलें, वापरून झालेलें असें जें जें कांहीं, तें सर्व भंगार. एवढ्यावरही तो थांबलेला नाहीं. न आवडलेला चित्रपट भंगार, न जमलेली भाजी भंगार, आणि गांवोगांव धांवणारी एस. टी. ची गाडीही भंगार.

वापरलेल्या वस्तूंस असें एकच सरसकट नांव देण्याची आपली जुनी रीत नव्हती. लुगडें विरलें म्हणजे तें जुनेर होई. जुनेर या शब्दांत तुच्छता नाहीं. तान्ह्या मुलाच्या अंगाला नवें कापड बोचतें, म्हणून घरच्या बायका जुनेर मुद्दाम राखून ठेवीत. तें फाटलें कीं गोधडीच्या पोटांत जाई. धड तुकडा उरला तर त्याचें फडकें होई, आणि फडकें मळून निकामी झालें कीं पोतेरें. स्वच्छ चिंधी निघालीच तर पीळ देऊन, तेलांत भिजवून तिचा काकडा होई व पहांटेच्या आरतीस लागे. जें अजून अंगावर घालण्याजोगें असे तें बोहारणीच्या गांठोड्यांत जाई. तिच्याशीं एका पातेल्यावरून तासभर चाललेली घासाघीस ज्यांनीं लहानपणीं ओट्यावर बसून ऐकली असेल, त्यांस जुन्या कपड्याची किंमत आम्ही सांगावयास नको. जरीचा पदर जाळून त्यांतली चांदी काढणारे आणखी निराळेच. कागद झाला रद्दी; हा शब्द अरबीकडून फारसीच्या वाटेनें आला व मूळ अर्थ 'नाकारलेलें' असा असूनही आपल्याकडे किलोच्या भावानें विकला जाऊं लागला. देवावरून उतरलेलें फूल कोमेजलें तरी तें कचरा नव्हे, निर्माल्य. तात्पर्य, नांव उच्चारतांच ती वस्तु पुढें कोणाच्या हातीं जावयाची हें कळत असे.

धातूंच्या बाबतींत हा व्यवहार विशेष बारकाईचा होता. तांब्यापितळेचें भांडें पोचलें, गळूं लागलें, कीं तें कासाराच्या दुकानीं 'मोड' म्हणून जाई. तो तें वजन करून, घट वजा करून, नव्या भांड्याच्या किंमतींत धरी. पुण्याच्या कसबा पेठेंतली तांबट आळी अशा मोडीवर पुन्हां हातोडा चालवीत आली आहे. मोड या शब्दाची गंमत पाहण्यासारखी आहे. नोट मोडून घेतली कीं सुट्या नाण्यांसही आपण मोड म्हणतों, आणि भिजविलेल्या मटकीस फुटतात तेही मोडच. तिन्ही ठिकाणीं एक वस्तु संपते व दुसरी सुरू होते. 'मोडीत काढणें' या वाक्प्रचाराचा अर्थ मात्र पुढें 'निकालांत काढणें' असा झाला, आणि मोडीचें नवें भांडें होतें ही गोष्ट त्यांतून गळून पडली.

ही उतरंड कशी सुरू झाली हें पाहावयाचें तर पेठांतून उठून मुळेच्या पलीकडे दापोडीस गेलें पाहिजे. मुळा व पवना यांच्या संगमालगतचें हें गांव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत, पुण्याकडून शिरतांना अगदीं तोंडाशीं आहे. वापरलेल्या वस्तूंचा आणि दापोडीचा संबंध जुना आहे. कॅप्टन फोर्डची पलटण येथें होती. पगार पेशव्यांचा खाऊन ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईंत ती इंग्रजांच्या बाजूनें उभी राहिली. फोर्डचा बंगला पुढें, १८२८ च्या सुमारास, गव्हर्नर माल्कमनें सरकारसाठीं घेतला, व मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यांत तेथें राहूं लागले. डॉक्टर गिब्सनच्या देखरेखीखालीं बंगल्याभोंवतीं वनस्पतींची मोठी बाग फुलली. गणेशखिंडींत नवा राजवाडा उभा राहिला, आणि हा बंगला सरकारच्या लेखीं जुना झाला.

पुढें दापोडीस जुना माल आला तो यंत्रांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेला लष्करी माल सरकारनें विकावयास काढला, तेव्हां त्या खात्याचें 'डिस्पोजल' हें नांवच मालाला चिकटलें: डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचें कांबळें. १९४८ सालीं लष्करी अभियांत्रिकीची शाळा रुडकीहून दापोडीस आली. त्याच वर्षीं १ जूनला अहमदनगर ते पुणें अशी एस. टी. ची पहिली गाडी धांवली. या एस. टी. च्या राज्यांतल्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकीं एक दापोडीची. दुसरी चिकलठाण्याची व तिसरी नागपूरजवळच्या हिंगण्याची. दापोडीची कार्यशाळा आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाची आहे, कारण येथें वापरलेली वस्तु भंगार ठरण्यापूर्वीं तिची तपासणी होते. गाडीचा सांगाडा धड असेल तर वरची जीर्ण ॲल्युमिनियमची खोळ उतरवून त्यावर पोलादी खोळ चढवावयाची, ही रीत अलीकडच्या वर्षांत येथें चालत आली. ज्या गाडीस प्रवासी लाल डबा म्हणून हिणवितात व गहिंवर आला म्हणजे लाल परी म्हणतात, ती पुष्कळदां अशी दुसऱ्या जन्माची असते. जी अगदींच मोडकळीस आली तिच्यासाठीं सरकारी मराठींत 'निर्लेखन' असा भारदस्त शब्द आहे. लेखांतून, म्हणजे वहींतून, तिचें नांव काढावयाचें, मग लिलाव. हा लिलावही पोर्तुगीजांकडून आलेला.

या पद्धतींत गाडी किती धांवली व कशी झिजली हें पाहिलें जाई. १ एप्रिल २०२३ पासून त्यांत मोठा पालट झाला. केंद्र सरकारच्या नियमानें सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नवी होत नाहीं, आणि राज्य परिवहन महामंडळांच्या गाड्याही त्यांत आल्या. धूर ओकणारीं जुनीं वाहनें रस्त्यावरून जावींत हा हेतु आम्हांस मान्य आहे. शहरांतली हवा ज्यांनीं हुंगली आहे ते त्यास विरोध करणार नाहींत. तथापि यापुढें एखादी वस्तु भंगार झाली कीं नाहीं हें कारागिराचा हात ठरविणार नसून दिनदर्शिका ठरविणार, हा फरक लहान नव्हे. तांबटानें भांडें वाजवून पाहिल्यावांचून मोडींत घेतलें नसतें.

आणि गंमत अशी कीं, आपण भंगार म्हणून जें एका शब्दांत उडवितों त्याचें भंगारवाल्याच्या दुकानांत पोंचतांच पुन्हां पूर्वीसारखें वर्गीकरण होतें. तेथें भंगार नांवाची वस्तुच नसते. तेथें पत्रा असतो, बीड असतें, पितळ निराळें, तांबें निराळें, ॲल्युमिनियम म्हणजे जर्मन निराळें, पुठ्ठा व रद्दी यांचे ढीग वेगळे, आणि प्रत्येकाचा भाव रोज वेगळा. पिंपरी ते चाकण या पट्ट्यांतल्या कारखान्यांत लेथवर निघणारा लोखंडाचा कीसही बिडाचा कोणता नि पोलादाचा कोणता हें पाहून वेगळा ठेवावा लागतो; मिसळला तर भट्टीवाला भाव पाडतो. संगणकाच्या जुन्या पाट्या आल्या तर त्यांच्या जोडटोकांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. म्हणजे भंगारांत खरोखरच भांगार निघतें; परंतु तें आम्लांत विरघळवून काढणाऱ्याच्या बोटांची व फुप्फुसांची काय दशा होते, हें पाहिल्यावर त्या श्लेषाचा आनंद फार वेळ टिकत नाहीं.

शब्दाची तुच्छता वस्तूवर थांबली असती तर आम्हीं एवढें लिहिलें नसतें. ती माणसांवर उतरते. फेब्रुवारी २०२५ मध्यें चिखलीच्या कुदळवाडींतलीं बिनपरवान्याचीं बांधकामें महानगरपालिकेनें पाडलीं, त्यांत भंगाराचीं गोदामें पुष्कळ होतीं. तेथें वारंवार आगी लागत, विषारी धूर पसरे, आणि शेजाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु शहरानें टाकलेलें वेंचून निवडणारी हजारों माणसें तेथें पोट भरीत होतीं, हेंही तितकेंच खरें. आणि तीं कोठें गेलीं हें विचारण्याची इच्छा सुशिक्षित घरांत आम्हांस क्वचित् आढळली. जणूं जागा स्वच्छ झाली इतकेंच काय तें घडलें.

१९९३ सालीं पुण्यांत कचरा वेंचणाऱ्या बायकांची व फेरीवाल्या भंगारवाल्यांची संघटना उभी राहिली. नांव निवडतांना त्यांनीं कचरा हा शब्द घेतला नाहीं, भंगार हाही घेतला नाहीं. ती झाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पुढें, १९९५-९६ च्या सुमारास, पुणें व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनीं तिच्या सभासदांच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. ज्या बाईस रस्त्यावर पोत्यासकट अडवून चोर म्हणून हटकीत, तिच्याजवळ आतां दाखवावयास फोटो लावलेलें कार्ड होतें.