कार्ट्रिज रेझर सोडून पारंपरिक दाढीकडे वळताना: फायदा कोणाला, काळजी कोणती

दाढी केली की मानेवर लाल पुळ्या येतात, दिवसभर चुरचुरतं, कॉलर घासली तरी झोंबतं. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांमध्ये कॉलेजचे तरुण असतात, तसेच साठीचे गृहस्थही असतात. बहुतेकजण तीन किंवा पाच ब्लेडचं महागडं कार्ट्रिज वापरत असतात. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "वडील वापरायचे तसा एका ब्लेडचा रेझर, ब्रश आणि साबण घेऊ का?"

अनेकांसाठी उत्तर "हो" आहे. काहींनी मात्र हा बदल करू नये, आणि करणाऱ्यांनीही हात बदलल्याशिवाय नुसतं साधन बदलून उपयोग नाही.

पारंपरिक दाढी म्हणजे काय?

दाढी आधी कोमट पाण्याने भिजवायची, ब्रशने साबणाचा दाट फेस करून लावायचा आणि दोन्ही बाजूंना धार असलेल्या एकाच ब्लेडच्या सेफ्टी रेझरने हलक्या हाताने दाढी करायची. किंग कॅम्प जिलेट यांनी हा रेझर १९०३ मध्ये विक्रीला आणला. दोन ब्लेडचं कार्ट्रिज १९७१ मध्ये आणि तीन ब्लेडचं १९९८ मध्ये आलं. उघड्या वस्तऱ्याने घरी स्वतःची दाढी करणं हा वेगळा प्रकार आहे. त्याला बराच सराव लागतो, त्यामुळे नवशिक्यांनी तिकडे वळू नये.

पुळ्या येतात कशा?

अनेक ब्लेडच्या रेझरमध्ये पहिलं ब्लेड केस किंचित ओढतं. तो परत आत जाण्याआधी मागचं ब्लेड त्याला आणखी खाली कापतं. गुळगुळीतपणा येतो तो यामुळेच. पण केस त्वचेच्या पातळीखाली कापला गेला आणि तो कुरळा असेल, तर वाढताना बाहेर न येता आतच वळतो. शरीर त्याला बाहेरची वस्तू समजून सूज आणतं आणि तिथे पुळी उठते. मानेवर केस वेगवेगळ्या दिशांनी वाढतात, म्हणून हा त्रास तिथे जास्त दिसतो.

दुसरं कारण खिशाशी निगडित आहे. कार्ट्रिज महाग, म्हणून एकच महिना-दीड महिना चालवलं जातं. धार गेली की आपण नकळत दाब वाढवतो, त्याच जागेवरून चार-पाच वेळा रेझर फिरवतो आणि त्वचा सोलवटते. सुटं ब्लेड काही रुपयांत मिळत असल्याने ते वेळेवर बदललं जातं. अनेकांना पडणारा फरक या ताज्या धारेचाच असतो.

एक ब्लेड प्रत्येकासाठी सरसच ठरेल असं मात्र नाही. कार्ट्रिज वापरून त्रास होत नसेल, तर बदलण्याचं वैद्यकीय कारण नाही.

कोणी हा बदल करू नये किंवा आधी डॉक्टरांना विचारावं?

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा त्या गटातली नवी औषधं घेणाऱ्यांना छोट्या कापण्यातूनही जास्त वेळ रक्त येतं. त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक शेव्हर किंवा ट्रिमर सुरक्षित. दाढी करताना रक्त येतं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. स्टेंट किंवा कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते.
- हिमोफिलिया, प्लेटलेट कमी असणं, यकृताचा सिरोसिस: ब्लेड टाळा.
- मधुमेह ताब्यात नसेल, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं सुरू असतील तर: छोटी जखमही चिघळू शकते. ट्रिमर वापरा.
- मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन सुरू असेल तर: त्वचा कोरडी आणि नाजूक झालेली असते. कोर्स संपेपर्यंत थांबा.
- हात थरथरत असतील किंवा दिसायला कमी असेल तर: पार्किन्सन्स किंवा मोतीबिंदू असलेल्या ज्येष्ठांच्या हाती सुटं ब्लेड देऊ नका.
- चेहऱ्यावर चामखीळ, नागीण किंवा पिकलेले फोड असतील तर: ब्लेड फिरवल्याने संसर्ग आजूबाजूला पसरतो. आधी उपचार घ्या.

साहित्य काय घ्यावं?

- रेझर: ब्लेडखाली सरळ संरक्षक पट्टी असलेला सौम्य रेझर घ्या. पट्टीच्या जागी उघडे दात असलेला रेझर जास्त आक्रमक असतो. नवशिक्याने तो घेऊ नये.
- ब्लेड: एकदम शंभरचा खोका घेऊ नका. दोन-तीन प्रकारची छोटी पाकिटं आणून कोणतं मानवतं ते पाहा.
- ब्रश: कृत्रिम केसांचा ब्रश स्वस्त असतो आणि लवकर सुकतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांमुळे अँथ्रॅक्स झाल्याच्या नोंदी आहेत. आजच्या ब्रशला ती भीती नाही, पण ओला ब्रश डब्यात कोंडण्याची सवय वाईटच. धुऊन, झटकून उघड्यावर वाळवा.
- साबण किंवा क्रीम: कडक वास नसलेलं निवडा. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. तिथे क्रीम वापरा किंवा फेसापुरतं फिल्टरचं पाणी घ्या.

मानेवर आधीच पुळ्या भरलेल्या असतील तर लगेच सुरुवात करू नका. तीन-चार आठवडे ब्लेड बंद ठेवा. दाढी वाढवायची नसेल तर ट्रिमरने खुंट राहतील इतकी कापा. आत वळलेले बरेचसे केस या काळात आपोआप बाहेर येतात.

दाढी कशी करावी?

१. आंघोळीनंतर दाढी करा, किंवा कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा. पाणी शोषलेला केस मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो.

२. बोटांनी चाचपून केस कुठल्या दिशेला वाढतात ते बघा. गालावर आणि मानेवर ती दिशा वेगळी असू शकते.

३. ब्रशने गोल फिरवत दाट फेस लावा आणि मिनिटभर राहू द्या.

४. रेझर त्वचेशी साधारण ३० अंशात धरा. दाब देऊ नका. रेझरच्या वजनानेच केस कापले गेले पाहिजेत. कार्ट्रिजची मान हलते आणि थोडा दाब सहन करते. या रेझरचं तसं नाही. सुरुवातीला कापतं ते बहुतेक जुन्या सवयीच्या दाबामुळेच.

५. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे फटकारे, केस वाढतात त्याच दिशेने, म्हणजे सुलट मारा. प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्लेड पाण्यात धुवा. रेझर आडवा सरकवू नका.

६. खुंट राहिले तर पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा मारा. पहिले दोन-तीन आठवडे उलट हात मारूच नका. पुळ्यांची सवय असलेल्यांनी उलट दाढी कायमची सोडलेली बरी.

७. गार पाण्याने धुवा, टॉवेलने टिपून घ्या आणि साधं मॉइश्चरायझर लावा. जंतुनाशक द्रव पाणी न घालता चेहऱ्यावर चोळू नका, त्याने त्वचा भाजते.

पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी करा. लग्नाच्या किंवा मुलाखतीच्या सकाळी नको. हात बसायला तीन-चार आठवडे लागतात. रोज दाढी करणं सक्तीचं नसेल तर एक दिवस आड करा.

ब्लेड कधी बदलावं, कुठे टाकावं?

तीन ते पाच दाढ्यांनंतर बदला. ओढल्यासारखं वाटलं तर त्याआधीच बदला. वापरलेली ब्लेड जुन्या पत्र्याच्या डब्यात साठवा. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करा, वर "ब्लेड" असं लिहा आणि कचरा नेणाऱ्याच्या हाती वेगळा द्या. पिशवीत सुटं टाकलेलं ब्लेड सफाई कामगाराचा हात कापतं. घरात लहान मुलं असतील तर रेझर आणि ब्लेड कुलपात ठेवा.

कापलं तर काय करावं?

पाण्याने धुवा आणि स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून बघू नका. त्यानंतरही ओलसर राहिलं तर ओली तुरटी टेकवा. तुरटी सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसवते. वीस मिनिटांत रक्त थांबलं नाही तर दवाखान्यात जा. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असू द्या.

एका घरात एक रेझर चालतो का?

नाही. बाप-लेकांत नाही, भावांत नाही, वसतिगृहातल्या मित्रांत तर नाहीच. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे विषाणू आहेत. त्यातला हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवसांपर्यंत तग धरतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश त्याला पुरतो. रेझरचा दांडा सामायिक ठेवून फक्त ब्लेड बदलणंही टाळा.

सलूनमध्ये नवं ब्लेड तुमच्या समोर उघडून वस्तऱ्यात घालायला सांगा. ब्लेड मोडून अर्धं वापरतात, त्यामुळे उरलेलं अर्धं न वापरलेलं आहे याची खात्री करा. आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या गालावरून फिरणारा तुरटीचा खडा आपल्या जखमेला लावून घेऊ नका. याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

दुसऱ्याच्या वापरलेल्या ब्लेडने कापलं गेलं तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची गरज पडली तर ती ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात.

डॉक्टरांकडे कधी जावं?

- पुळ्यांमध्ये पू झाला, दुखणं वाढलं किंवा ताप आला. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातला फोड कधीही दाबून फोडू नका.
- दाढीत गोल, खवले सुटणारा, खाजणारा चट्टा आला. हा गजकर्णाचा प्रकार असू शकतो.
- जखमांच्या जागी जाड, वाढत जाणारे व्रण येऊ लागले.
- तीळ किंवा गाठ पुन्हा पुन्हा रक्ताळते, आकार किंवा रंग बदलते, किंवा जखम महिनाभर भरत नाही.

औषधाच्या दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं दाढीच्या पुळ्यांवर लावू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्वचा पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते पसरतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ब्लेडने दाढी केल्याने केस दाट होतात का?
नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो जाड भासतो. मुळावर काहीही परिणाम होत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची दाढी या रेझरने करू का?
ट्रिमर वापरा. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दाबाचा अंदाज येत नाही आणि म्हाताऱ्या त्वचेला सुरकुत्यांमध्ये पटकन कापतं. ट्रिमर फक्त त्यांच्यासाठी ठेवा आणि हातमोजे घाला.

ऑपरेशनआधी घरीच त्या जागेचे केस काढून गेलो तर?
अजिबात नको. ब्लेडच्या सूक्ष्म ओरखड्यांमुळे ऑपरेशनच्या जखमेत संसर्गाची शक्यता वाढते. गरज असेल तर रुग्णालयात क्लिपरने केस कापतात.

महिनाभर नीट करूनही पुळ्या येतातच. आता काय?
मग दोष रेझरचा नसून केसांच्या ठेवणीचा असू शकतो. बारीक खुंट ठेवून ट्रिमर वापरणं, त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेली मलमं किंवा लेझरने केस कमी करणं असे पर्याय आहेत. थोडी दाढी राखणं हाही एक उपाय आहे, आणि तो फुकटचा आहे.