धारोष्ण दूध आणि माल्टाच्या शेळ्या

नागपूरच्या नंदनवनातील एखाद्या कुटुंबाने पिशवीचे दूध सोडून जवळच्या गोठ्यातील धारोष्ण दूध प्यायचे ठरवले, तर त्यामागे ओळखीच्या गवळ्यावरचा विश्वास असतो. तो अनाठायी नव्हे. परंतु इतिहासाने त्याची मर्यादाही दाखवून दिली आहे.

भूमध्य समुद्रातील माल्टा या कॅथलिक बेटावर गवळी शेळ्या दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढीत. याहून ताजे दूध ते कोणते? तरीही तेथील माणसे रेंगाळणाऱ्या तापाने खंगत. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी त्या तापाचे जंतू शोधले. १९०५ साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामित यांना धडधाकट शेळ्यांच्या रक्तात त्या संसर्गाची खूण आढळली. पाठोपाठ दुधातही जंतू सापडले. १९०६ साली ब्रिटिश सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद होताच त्यांच्यातील ताप झपाट्याने ओसरला.

दोष गवळ्याच्या सचोटीचा नव्हता. जंतू डोळ्यांना दिसतच नव्हते. आपल्या घरांत दूध आल्याबरोबर तापवीत, ते नासू नये म्हणून. त्याच उकळीत हे जंतूही मरत. गोठ्याशी नाते जरूर राखावे. मात्र लेकरांच्या पेल्यात ओतण्यापूर्वी दुधाला उकळी अवश्य द्यावी.