रुपयाच्या अभ्यासासाठी लंडन
मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज सुरू झाले आणि वाणिज्याच्या पदवीची सोय झाली. अर्थशास्त्राच्या वरच्या अभ्यासासाठी मात्र अनेकांना परदेश गाठावा लागे. ती वाट किती खडतर होती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणातून कळते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून ते १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले. सिडनहॅममध्ये प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनीही हात दिला आणि १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एमएस्सी, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डीएस्सी: भारतीय चलनाचा इतका मूलगामी अभ्यास विरळाच.